थंड खोलीतली गादी

डोंगरावर झोपायला गादी निवडणं हे काय काम आहे, असं तपासनीस बायकोला म्हणाले, तेव्हा ते पूर्ण शुद्धीवर होते. वर असंही म्हणाले की, "तू काळजी सोड. शनिवारपर्यंत अशी गादी पास करतो की तुमचा अख्खा ग्रुप माझ्याकडे सल्ला मागायला येईल."

बायको काही बोलली नाही. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या बायका अशा वेळी काही बोलत नाहीत, नुसत्या बुटांच्या नाड्या घट्ट करतात. तिने तेच केलं आणि ती सरावाला निघून गेली.

तपासनीस हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. दरवाज्यांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात ते तयार माल तपासायचे. इतकी वर्षं तपासायचे, की आता शेजारीपाजारी, केस कापणारा, झालंच तर बायकोच्या माहेरचे, सगळेच त्यांना तपासनीस म्हणत. त्यांचं तत्त्व एकच. वस्तू जिथे वापरायची, तिथल्यासारख्या परिस्थितीत वापरून बघितल्याशिवाय पास करायची नाही. न्हाणीघराच्या दाराची बिजागरी असेल, तर हा गृहस्थ वाफाळत्या पाण्याच्या बादलीशेजारी स्टूल टाकून तासन्‌तास दार उघडझाप करत बसे. कारखान्यात लोक त्यांना टरकून असत आणि घरी वैतागून.

आता या माणसाला डोंगरावर कशाला जायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. त्याला कारण होतं. बायको शाळेत मुलांना खेळ शिकवायची आणि दरवर्षी सुट्टीत आपल्या ग्रुपबरोबर उंच, बर्फाच्या डोंगरावर जायची. परत यायची ती नाक सोललेलं, ओठ फुटलेले आणि चेहरा असा की जणू कुणी आतून दिवा लावलाय. मग पुढचे कितीतरी दिवस घरात गोष्टी चालत. कोण कुठे घसरलं, कुणाचा मोजा स्टोव्हवर जळाला. तपासनीस हसत, मान डोलावत. पण त्या गोष्टींत आपण कुठेच नाही, हे त्यांना मनातून फार लागे. जळालेला का होईना, आपला एक मोजा त्या गोष्टींत असावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

मागच्या वर्षी बायकोने त्यांना एका छोट्या टेकडीवर मुक्कामाला नेलं होतं. तिथे सगळ्यांच्या एका मोठ्या तंबूत, अंधारात कुणीतरी घोरत असताना, त्यांनी पातळ रबरी चटईवर रात्रभर कुशी बदलल्या, उसासे टाकले, पाठ धरली. सकाळी ग्रुपचे म्होरके, जे पेशाने दातांचे डॉक्टर होते, सगळ्यांसमोर म्हणाले, "यांना घरच्या पलंगावरच ठेवा." बायकोचा चेहरा पडला आणि तपासनीस तो चेहरा विसरले नाहीत. यंदा तिने डॉक्टरांची मनधरणी केली. डॉक्टर म्हणाले, शनिवारी दुपारी माझ्या दवाखान्यात बसून नावं पक्की करू. तोवर तुमच्या यजमानांनी झोपेचा बंदोबस्त केला तर ठीक, नाहीतर पुन्हा विषय काढायचा नाही.

म्हणजे गादी पास तर तपासनीस पास. मामला असा सरळ होता.

गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान गावात एकच होतं. दुकानदाराने तीन प्रकार समोर टाकले. एक जाड फोमची, घडी घालायची. दुसरी झडप उघडली की आपोआप हवा भरून घेणारी. तिसरी तोंडाने फुगवायची, आतून चांदीसारखं अस्तर लावलेली. प्रत्येकीची आर व्हॅल्यू, म्हणजे जमिनीची थंडी अडवायची ताकद, वेगवेगळी.

"ही व्हॅल्यू कुणी काढली?" तपासनिसांनी विचारलं.

"कंपनीने."

"कंपनी झोपली होती का हिच्यावर?"

दुकानदाराने आजवर नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती, पण हा नमुना नवीन होता. तपासनीस दुकानाच्या मधोमध आडवे झाले. उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, पालथे. मग उठून विचारते झाले, "तुमच्याकडे खडी आहे का थोडी?" शेवटी दुकानदार म्हणाला, "काका, तिन्ही घरी न्या, हवं ते करा. सोमवारी दोन परत आणा. पण आत्ता उठा, लोकांना जायला वाट नाही."

घरी कसोटीची तयारी सुरू झाली. डोंगरावर जमीन उताराची असते, म्हणून तपासनिसांनी कारखान्यातून एक नापास दार आणलं आणि गॅलरीत एका बाजूला विटा लावून तिरपं टाकलं. डोंगरावर दगड असतात, म्हणून कोपऱ्यावरच्या बांधकामावरून पोतंभर खडी मागून आणली आणि दारावर पसरली. रोज कामावरून आलं की चहा घ्यायचा, कानटोपी घालायची आणि दारावर जाऊन पडायचं.

फोमची गादी पहिल्या संध्याकाळी नापास झाली. तिच्यावरून तपासनीस घरंगळत खाली यायचे आणि कठड्याला टाळू लावून थांबायचे. आपोआप फुगणारी गादी आपोआप फुगेचना. दूध उतू जायची वाट बघावी तसे ते तिच्याकडे बघत बसले. शेवटी गुडघे टेकून, झडपेला तोंड लावून, गालफडं दुखेपर्यंत फुंकत राहिले.

नेमक्या याच वेळी त्यांची आई गॅलरीत कपडे काढायला आली.

आता आईच्या बाजूनेही बघायला हवं. तिला गादीचं, डॉक्टरांचं, शनिवारचं काही कुणी सांगितलेलं नव्हतं. सून सरावामुळे रोज उशिरा घरी येत होती आणि आल्याबरोबर जेवून झोपत होती, हे तिने पाहिलं होतं. आपला मुलगा चांगला पलंग सोडून गॅलरीत दगडांवर पडतो, हे तिने पाहिलं होतं. आणि आता तो गुडघ्यांवर बसून, डोळ्यांत पाणी आणून, जमिनीशी तोंड नेऊन धापा टाकत होता.

"काय रे झालं?" तिने हळूच विचारलं.

"काही नाही गं," तपासनीस धापा टाकत म्हणाले. "तिला सिद्ध करून दाखवायचंय."

"दगडांवर झोपून?"

"अजून थंडीतही झोपायचंय. त्याशिवाय ती नेणार नाही मला."

आईने कपडे तिथेच सोडले, आत गेली, दार लावून घेतलं आणि सुनेच्या धाकट्या भावाला फोन केला. त्याचा फुलांचा ठोक धंदा होता आणि स्वभाव इतका हळवा, की विकायच्या फुलांतलं एखादं कोमेजलं तरी त्याला चुटपुट लागे. आई त्याला म्हणाली, "तुझ्या ताईने माझ्या मुलाला खोलीबाहेर काढलंय. दगडांवर झोपतो रे बिचारा. पण तिला यातलं काही विचारू नकोस, माझी शपथ आहे. उगाच शब्दाने शब्द वाढेल आणि घर मोडेल."

शपथ घातल्यावर फुलवाला काय करणार. शुक्रवारी संध्याकाळी तो गुलछडीची जुडी घेऊन हजर झाला. गॅलरीत तपासनीस तिरप्या दारावर, कानटोपी घालून, तिसऱ्या गादीवर पडले होते. गादी हलली की चांदीच्या अस्तराचा असा चुरचुर आवाज येई, की कुणीतरी शेजारी बसून वेफर्स खातंय असं वाटावं. पण पाठीला ती बरी वाटत होती. घरंगळणंही थांबलं होतं.

"भाऊजी," फुलवाला कठड्याशी टेकून म्हणाला, "माणसाने इतकं मनाला लावून घेऊ नये."

"लावून घ्यायलाच हवं," तपासनीस म्हणाले. "उद्या दुपारी निकाल आहे."

"उद्याच?" फुलवाल्याने विचारलं. वकिलापर्यंत गोष्ट गेलेली दिसते, असं त्याला वाटलं. "माझ्याकडून काही मदत होईल का?"

तपासनीस ताडकन उठून बसले. मघापासून त्यांना एकच चिंता लागली होती. उतार झाला, दगड झाले, पण थंडी कुठून आणायची? आणि हा माणूस समोर उभा होता.

"तुमच्या गोदामात ती थंड खोली आहे ना, फुलांची? किती थंडी असते हो आत?"

"पाच अंश. का?"

"उद्या दुपारी मला आत झोपू द्या. एकट्याला. दार लावून."

फुलवाला पेचात पडला. नाही म्हणावं तर हा माणूस याहून भलतीकडे जाऊन काही करून बसेल. हो म्हणावं तर आपल्याच गोदामात काही व्हायचं. त्याने बराच विचार केला आणि दाराला कडी लावायची नाही, एवढ्या अटीवर कबूल झाला. घरी जाताना त्याने हार करणाऱ्या मामांना फोन करून सांगितलं, "उद्या माझे भाऊजी येतील. फार दुःखात आहेत. त्यांना काही विचारू नका, फक्त अधूनमधून आत डोकवा."

हारवाले मामा म्हणजे गोदामातला सर्वांत जुना माणूस. गंभीर चेहऱ्याचा, कमी बोलणारा. फुलांचे हार नि पुष्पचक्रं करण्यात हयात गेलेली.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस. जेवण उरकून तपासनीस खांद्यावर खडीचं पोतं, काखेत गादी आणि बायकोची जुनी पांढरट स्लीपिंग बॅग घेऊन गोदामात पोचले. मामांनी पोत्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि सांगितल्याप्रमाणे काही विचारलं नाही. थंड खोलीचं दार उघडून दिलं.

आत मोकळी जागा एकच होती, लिलीच्या पांढऱ्या फुलांच्या दोन रांगांमध्ये. तपासनिसांनी तिथे खडी पसरली, वर गादी टाकली, फुगवली आणि बॅगेत शिरून आडवे झाले. थंडी लागत नव्हती. दगड टोचत नव्हते. गादी झकास होती. पण दोन अडचणी निघाल्या. एक तो चुरचुर आवाज, त्या बंद खोलीत दुप्पट मोठा झालेला. आणि दुसरा फुलांचा वास. एवढ्या फुलांच्या मधोमध त्यांना शिंकांमागून शिंका आल्या. प्रत्येक शिंकेला गादी चुरचुरे, आणि ती चुरचुरली की झोप उडे.

हार मानणारा माणूस नव्हे तो. भिंतीशी मामांची कापसाची पेटी होती. फुलांचे कापलेले देठ ओल्या कापसात गुंडाळतात, त्यासाठी ठेवलेली. तपासनिसांनी कोरडा कापूस घेतला, चार बोळे केले. दोन कानांत घातले, दोन नाकपुड्यांत. मग तोंडाने श्वास घेत पुन्हा आडवे झाले. बॅग अरुंद, म्हणून हात छातीवर जोडून ठेवावे लागले. आणि तीन दिवसांच्या कसोटीने शिणलेला तो जीव क्षणात गाढ झोपी गेला.

थोड्या वेळाने मामांनी दार किलकिलं करून आत डोकावलं.

पांढऱ्या उजेडात, लिलीच्या फुलांमध्ये, पांढऱ्या कापडात गुंडाळलेले, कापडाआडून छातीवर हात जोडलेले दिसणारे, नाकात कापूस घातलेले साहेबांचे भाऊजी पडले होते. मामांनी दोनदा हाक मारली. उत्तर नाही. पुढे होऊन कपाळाला हात लावला. कपाळ गार. पाच अंशांत कुणाचंही कपाळ गारच लागणार, पण हे अशा वेळी सुचत नाही. मामांना वाईट एवढ्याचंच वाटलं, की बिचाऱ्याने जाण्याआधी सगळी तयारी स्वतःच करून ठेवली, कुणाला त्रास दिला नाही.

मामांनी आरडाओरडा केला नाही. टोपी काढली, बाहेर येऊन मालकाला फोन केला आणि मग जवळच्या चांगल्यातल्या फुलांचं पुष्पचक्र करायला घेतलं. घरातलाच माणूस होता, जरा मोठं करू म्हणाले.

फुलवाला बाजारात होता. तो ऐकूनच मटकन खाली बसला, आणि बसल्याबसल्या त्याने तपासनिसांच्या आईला फोन लावला. पण तिच्याशी काय बोलावं हे न सुचून, 'लगेच गोदामात या' एवढंच म्हणाला. मग शपथ बाजूला ठेवून ताईला फोन केला. ताई त्या वेळी डॉक्टरांच्या दवाखान्यात, ग्रुपच्या बैठकीत, नवऱ्याची बाजू मांडत होती. भाऊ फोनवर नुसता रडत होता. त्यातून तिला 'भाऊजी' आणि 'थंड खोली' एवढं कळलं. तिचा रंग बघून डॉक्टरांनी गाडी काढली.

सगळे गोदामात जवळजवळ एकदमच पोचले. दारात मामा पुष्पचक्र घेऊन उभे.

"ताई, काहीही झालं तरी तू त्यांना खोलीबाहेर काढायला नको होतंस," फुलवाला हुंदके देत म्हणाला.

"मी? कुणाला?" ताई म्हणाली.

"माझ्या पोराला दगडांवर झोपवलंस तू," सासूबाई म्हणाल्या, आणि मग आत नजर जाताच त्यांनी तोंडाला पदर लावला.

बायको आत गेली. दोन पावलांवर थांबली. वर्षानुवर्षं बर्फाच्या कड्यांवर उभी राहिलेली ती बाई त्या फुलांच्या खोलीत एका पालथ्या बादलीवर बसली. घरातून निघताना आपण त्यांच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही, हे तिला आठवलं आणि तिला रडू फुटलं.

डॉक्टर पुढे झाले. नाडी वगैरे बघायची तर हात बॅगेच्या आत अडकलेले. आणि माणूस शेवटी दातांचा डॉक्टर, सवयीने त्याने आधी जबडाच धरला. दोन बोटांनी हनुवटी दाबून तोंड उघडलं, आत वाकून पाहिलं.

"मागची डावी दाढ किडली आहे," ते म्हणाले. "बाकी माणूस झोपलाय."

तोंडात बोटं गेल्याबरोबर तपासनिसांनी डोळे उघडले. वर बघतात तो दातांचे डॉक्टर, बाजूला रडणारी बायको, मागे रडणारी आई, दारात मोठं पुष्पचक्र धरून उभा एक माणूस. त्यांनी कानांतले, नाकातले बोळे काढले आणि घाबरून विचारलं, "नावं पक्की झाली का?"

मग काय झालं ते विचारू नका. सगळे एकदम बोलत होते. कुणी कुणाला काय सांगितलं आणि कुणी त्याचा काय अर्थ घेतला, हे उलगडायला बराच वेळ लागला. आईने आधी मुलाच्या पाठीत धपाटा घातला आणि मग सुनेचा हात धरला. मामांनी मालकाला विचारलं, पुष्पचक्राचं काय करू, फुलं उगीच वाया जातील.

बायकोने डोळे पुसले. "एका गादीसाठी एवढं?" ती म्हणाली. "नसतं नेलं यंदा, तर काय झालं असतं हो?"

"दरवर्षी तू हसत परत येतेस," तपासनीस खाली बघत म्हणाले. "मी त्यात कुठेच नसतो. मला तुझ्याबरोबर यायचंय, बास."

तिने त्यांचा गारठलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळत बसली.

तेवढ्यात उठायला गेलेल्या तपासनिसांच्या मांडीला काहीतरी बोचलं. त्यांनी हळूच खाली चाचपलं. गादी पार सपाट झाली होती. बाजूला पडलेल्या गुलाबाच्या फांदीचा काटा चांदीच्या अस्तरातून आरपार गेला होता. म्हणजे आपण मघापासून नुसत्या खडीवर झोपलो होतो, आणि तरी इतके गाढ, की लोकांनी आपलं पुष्पचक्र करायला घेतलं. तपासनिसांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाठीचा, चटईचा, आर व्हॅल्यूचा कशाचाच दोष नव्हता. आवाज बंद झाला की त्यांना कशावरही झोप लागत होती.

"गादी कशी आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

तपासनिसांनी बायकोकडे पाहिलं. मग स्लीपिंग बॅग फाटक्या जागेवर सरकवून त्यावर नीट बसले.

"उत्तम," ते म्हणाले.

"मग ठरलं," डॉक्टर म्हणाले. "पाच अंश थंडी, खाली दगड, आजूबाजूला हा गोंधळ, आणि माणूस तोंडात बोटं घालेपर्यंत उठला नाही. असा झोपणारा मी आयुष्यात पाहिला नाही. तुम्ही येताय. आणि तुमची जागाही ठरवून टाकतो. मोहिमेत मोठा तंबू नसतो, दोघादोघांचेच असतात. तुम्ही माझ्या तंबूत."

असं म्हणून ते समाधानाने बाहेर गेले. बाहेर फोन स्पीकरवर टाकून दवाखान्यात थांबलेल्या ग्रुपला बातमी सांगत असावेत. पलीकडून टाळ्यांचा आवाज आला, तो खोलीपर्यंत ऐकू आला.

"टाळ्या कशाला?" तपासनिसांनी विचारलं.

बायकोने त्यांचा हात चोळायचं थांबवलं.

"डॉक्टर थोडे घोरतात," ती म्हणाली. "म्हणजे, बरेच. त्यांच्या शेजारी कुणी झोपायचं यावर दरवर्षी आम्ही चिठ्ठ्या टाकतो."

"आणि मागच्या वर्षी टेकडीवर कुणाची चिठ्ठी निघाली होती?"

"मागच्या वर्षी टाकल्याच नाहीत," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "मीच म्हटलं सगळ्यांना, आमच्या यांना काही फरक पडत नाही."

तपासनिसांनी हारवाल्या मामांना हाक मारली आणि हा कापूस नेमका कुठून आणता, म्हणून विचारलं.